टेबल दोघांचं, जेवणारे तिघं



आजच्या पोस्टमध्ये ना येलो मोझॅक आहे ना चक्री भुंगा. सोयाबीन फुलावर आलंय, चार दिवस उघाड भेटली तेवढ्यात निंदण उरकून घेतलं, एवढीच वावराची खबर. पण परवा निंदणाला आलेल्या बायांमध्ये एक ताई पाच महिन्यांचं लेकरू घेऊन आली होती. बांधावरच्या निंबाला लुगड्याची झोळी बांधली. दीड-दोन तास झाले की हातातलं विळं खाली ठेवायची, झोळीकडे जायची, लेकराला पाजून परत यायची. तोवर शेजारच्या दोघी तिची पात थोडी थोडी पुढं ओढून ठेवायच्या. कोणी कोणाला काही बोललं नाही.

ते पाहून मला मुंबईतलं जेवण आठवलं. डिसेंबरातली गोष्ट आहे. लिहू लिहू म्हणत राहून गेली होती.

हरभऱ्याचे शेंडे खुडून झाले होते, तूर सोंगायला अजून वेळ होता. लग्नाला तीन वर्षं झाली, सौ.नं समुद्र पाहिला नव्हता. पोरगी नऊ महिन्यांची. माय म्हणे, "एवढुसं लेकरू घेऊन कुठं हिंडता, हवा लागंल त्याले." तरी निघालो. चिखलीहून राजूर घाट उतरून मलकापूर, तिथून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस, अन् मुक्काम मेव्हण्याकडे डोंबिवलीला. पहिल्या दिवशी गेट वे पाहिलं, भायखळ्याला पेंग्विन पाहिले. त्या बागेला सगळी मुंबई राणीची बाग म्हणते, पण पाटीवर नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आपल्या सिंदखेडराजाच्या लेकीचं नाव. पाटीपाशी फोटो काढला. पोरीला पेंग्विनपेक्षा फुगेवाला आवडला, हे सांगून टाकतो.

दुपारी भूक लागली तेव्हा एका काचेच्या दाराच्या, थंडगार एसीच्या हॉटेलात शिरलो. नाव लिहीत नाही, कारण असं कुठंही होऊ शकलं असतं. त्यांनी लेकरासाठी उंच खुर्ची आणून दिली. मला वाटलं, वा, काय व्यवस्था आहे! खुर्चीचा पट्टा ढिला होता, पोरगी दोन मिनिटांत एका बाजूला कलंडली, मंग मांडीवरच घेतली. "लेकरासाठी वरण बिनतिखटाचं द्या" म्हटलं तर दाल आली ती लसणाच्या लाल फोडणीची. वेटर म्हणाला, "मिरची कमीच टाकलीय." त्याचंही बरोबर असेल, पण आपलं कमी अन् नऊ महिन्यांच्या जिभेचं कमी, यात फरक राहतो.

तेवढ्यात पोरीला भूक लागली. ती वरणाची नाही, दुधाची. सौ.नं भिंतीकडे तोंड केलं, ओढणी घेतली अन् पाजायला सुरुवात केली. दोन मिनिटं झाली असतील, मॅनेजर आला. मोठ्या अदबीनं म्हणाला, "सर, मॅडमसाठी वॉशरूम तिकडे आहे."

तिच्याशी नाही बोलला, माझ्याशी बोलला. ती उठली, रडतं लेकरू घेऊन गेली. अन् मी काय केलं? मी रोटी तोडत बसलो. खोटं कशाला सांगू, गरम होती. पंधरा मिनिटांनी ती आली तेव्हा तिचा भात गार होऊन गोळा झाला होता. म्हणाली, "कमोडचं झाकण लावून त्याच्यावर बसले. दोन वेळा बाहेरून कोणी तरी दार वाजवलं. पोरगी अर्धवटच प्याली." मंग जेवलीच नाही नीट. बिल आलं १,३८० रुपये. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता अन् माझी विकली गेली ४,०५० नं, म्हणजे चौतीस किलो सोयाबीन त्या टेबलावर सोडून आलो. पैशाचं दुःख नाही, दर लिहिलेलेच होते. पण चौतीस किलो घेऊन त्यांनी आमच्यातल्या एकीला जेवायला संडासात पाठवलं. आपण कोणी संडासात ताट घेऊन बसतो का? मग लेकराचं जेवण तिथं काहून?

माझं म्हणणं एवढंच आहे की टेबलावर दोघं बसले दिसले तरी जेवणारे तिघं आहेत. आपली आशाताई, अंगणवाडीताई घरी येऊन जे सांगतात, तेच जागतिक आरोग्य संघटना सांगते: सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरचं खाणं सुरू करायचं, पण अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत अन् पुढंही चालू ठेवायचं. ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात, तेव्हा गावोगाव हे पुन्हा सांगितलं जातं. सगळ्यांनी सांगायचं पाज, अन् पाजायला बसली की दाखवायचं वॉशरूम, हे काही जमत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की सार्वजनिक जागी पाजण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, अन् राज्यांनी अशा ठिकाणी माय-लेकरांसाठी सोय करावी.

बरं, ही काही विलायतेची कल्पना नाही. हिरकणीची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. कोजागिरीला गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं भुकेलं, म्हणून गवळण रायगडाचा कडा उतरून गेली, अन् महाराजांनी तिथं बुरूज बांधून तिचं नाव दिलं, असं सांगतात. तिच्याच नावानं एसटीनं स्टँडवर हिरकणी कक्ष काढले. कल्पना सोन्यासारखी. आता आमच्याकडच्या एका स्टँडवर त्या कक्षाला कुलूप असतं, किल्ली मागायला गेलं की "साहेब जेवायला गेले" म्हणतात, ही गोष्ट वेगळी. तिथं हिरकणीला कडा उतरणं सोपं गेलं असतं. पण निदान एसटीला सुचलं तरी. लाख लाख रुपये भाड्याच्या हॉटेलांना ते सुचत नाही.

अन् हॉटेलांना पूर्वी सुचलेलं होतं. जुन्या इराणी अन् उडुपी हॉटेलात फॅमिली रूम राहायची. माळ्यावर किंवा मागच्या बाजूला लाकडी फळ्यांची, पडदा लावलेली केबिन. आजही मेहकर-चिखलीच्या रोडवर ढाब्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं, "फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था". त्यात बायकांना लपवून ठेवायचा विचार होता, हे मान्य. पडद्याआड नको ते चालतं म्हणून केबिनी निघाल्या, तेही ऐकलंय. पण लेकुरवाळीला त्या पडद्याचा उपयोग होता. पडदा काढला, काच लावली, अन् तिच्या वाट्याला उरलं वॉशरूम. मी हॉटेलानं खोली बांधावी म्हणत नाही. मुंबईत जागेचे भाव काय आहेत ते मेव्हण्याचं घर पाहून कळलं. एक कोपरा, एक बिनहाताची खुर्ची, एक सरकता पडदा. एवढंही नसेल तर मॅनेजरनं नजर दुसरीकडे करावी, ते तर फुकट आहे.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा माटुंग्याला घेऊन गेला. तो भाग उडुपी हॉटेलांचा. स्टेशनाजवळचं ए. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग तर १९४२ पासूनचं आहे, केळीच्या पानावर जेवण देतात. तिथली रांग पाहून आम्ही जवळच्याच एका साध्या उडुपीत शिरलो. एसी नाही, उंच खुर्ची नाही, टेबल दुसऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्यासोबत वाटून घेतलं. वेटरनं पोरीकडे एकदा पाहिलं अन् न विचारता एक इडली वेगळ्या वाटीत, सांबाराशिवाय, सोबत गरम पाणी आणून दिलं. गरम सांबाराची वाटी त्यानं स्वतःच उचलून पोरीच्या हातापासून लांब ठेवली. तीन लेकरं मोठी केलेला माणूस असावा. पोरगी पाजायच्या वेळी त्या आजीबाई काही न बोलता खुर्ची फिरवून सौ.समोर आडोसा करून बसल्या. अन् त्या दिवशी आधी मी पोरीला घेऊन बाहेर फुटपाथवर उभा राहिलो, सौ.नं गरम डोसा खाल्ला, मंग मी खाल्ला. ही अक्कल आदल्या दिवशी यायला पाहिजे होती. घरी तरी कुठं येते म्हणा, घरी ती शेवटीच जेवते.

लेकरू घेऊन जाणार असाल तर अनुभवातलं थोडं सांगतो. साधी इडली, दहीभात, मऊ वरणभात अन् केळं, एवढ्यावर तीन दिवस आरामात निघतात. आपल्या घरचं भाजलेलं डाळ-तांदळाचं खिमटाचं पीठ डब्यात न्या, कोणीही उकळतं पाणी देतं. मध एक वर्षापर्यंत चाटवायचा नाही, मायला कितीही राग आला तरी नाही, त्यात असलेल्या जंतूंनी तान्ह्या लेकराला विषबाधा होऊ शकते. टेबलावर खारे शेंगदाणे, फुटाणे ठेवलेले असतात ते लेकराच्या हाताला लागू देऊ नका, श्वासनळीत अडकतात. बाटली शक्यतो टाळा, प्रवासात ती धुवायची कुठं अन् कोणत्या पाण्यानं हाच प्रश्न. अन् गर्दीच्या आधी जा, बाराला किंवा संध्याकाळी सातच्या आत.

शेजारच्या टेबलाचीही बाजू आहे. त्यांनीही पैसे मोजलेले असतात, त्यांना रडणं ऐकायला आवडत नाही. लेकरू रडायला लागलं तर बापानं उचलून बाहेर न्यावं, खाली सांडलेला भात आपण उचलावा. पण "एवढं लहान लेकरू आणतातच कशाला" हे जे पुटपुटणं असतं ना, ते मला पटत नाही. लेकरवाळीनं दोन वर्षं उंबऱ्याबाहेर जेवायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो. बापाला ती अट नसते.

इथवर लिहिलं अन् वाटलं, शहरावर बोट दाखवून मोकळं होता येईल. पण दोन वर्षांआधी याच वावरात मी मुकादमबाईला म्हणालो होतो, "लेकरवाळी बाई नको आणू, तिची पात मागं राहते." तीनशे रुपये रोज देतो तर पूर्ण दिवस भरला पाहिजे, हा हिशोब. मुंबईचा मॅनेजर निदान "सर" तरी म्हणाला होता. त्या साली ती बाई आलीच नाही, किती रोज बुडाले असतील मोजले नाहीत. रोजगार हमीच्या कामाला नियम आहे, पाच किंवा जास्त लहान लेकरं सोबत आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं अन् तिला मजुरी द्यायची. खाजगी वावरात कोणी विचारत नाही.

म्हणून परवा संध्याकाळी निंबाखाली ताडपत्री तीन बाजूंनी बांधली, एक बाज टाकली, पाण्याची कॅन ठेवली. सोमवारी खालच्या तुकड्यात चक्री भुंग्याची फवारणी आहे, वारं त्या अंगाला येतं, म्हणून निंदणाच्या बाया त्या दिवशी वरच्या वावरात, विहिरीकडे लावल्या. झोळी तिकडच्या बाभळीला बांधायची ठरलं. रोज पूर्ण द्यायचा, मध्ये किती वेळा उठली ते मोजायचं नाही, हे मुकादमबाईला सांगून ठेवलं.

ताडपत्री दाखवली तर ती ताई हसली. म्हणाली, "दादा, आडोसा बरा केला, पण झोळी बाहेरच राहू द्या. आत वारं लागत नाही त्याले, झोपत नाही ते." मग झोळी बाहेरच आहे.