समुद्रतळाशी वाळू आहे की चिखल, हे आवाजावरून कसं कळतं?

केंद्रीय खाण मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये समुद्रातल्या खनिजांचे १३ ब्लॉक लिलावाला काढले. देशात असं पहिल्यांदाच घडलं. त्यातले ३ ब्लॉक केरळमध्ये कोल्लमजवळचे, बांधकामाच्या वाळूचे आहेत. इथली मासेमारी संपेल, म्हणत मच्छीमार रस्त्यावर उतरले. मार्च २०२५ मध्ये केरळ विधानसभेनेही विरोधाचा ठराव केला.

केरळलगतच्या समुद्रात ७४.५ कोटी टन वाळू असल्याचा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा अंदाज आहे. पण पाण्याखालची वाळू मोजतात कशी?

आवाज काय सांगतो?

जहाजावरून ध्वनिलहरी खाली सोडतात आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतात. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. वाळूत तो याहून वेगाने जातो, तर मऊ चिखलात जवळपास पाण्याइतक्याच वेगाने. शिवाय वाळू जास्त घट्ट असते. त्यामुळे वाळूवरून प्रतिध्वनी जोरात येतो. चिखलात आवाजाचा बराचसा भाग आत शिरतो, म्हणून प्रतिध्वनी क्षीण येतो. यावरून कणांचा आकार, घनता आणि कणांमधल्या पाण्याचं प्रमाण यांचा अंदाज बांधता येतो.

कमी वारंवारतेचा आवाज तळाच्या आत खोलवर जातो आणि थरांची जाडी दाखवतो. जास्त वारंवारतेचा आवाज वरच्या पृष्ठभागाचे बारकावे टिपतो.

मग चूक कुठे होते?

तळावर शिंपल्यांचा खच असेल, तर चिखलही कडक तळासारखा 'ऐकू' येतो. गाळात वायूचे बुडबुडे असतील, तर ते आवाज अडवतात आणि खालचे थर दिसतच नाहीत. भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ असा वायूयुक्त गाळ आढळला आहे. म्हणून तळाचे नमुने काढून पडताळणी करावीच लागते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्यालगत दोन वेगवेगळ्या वारंवारतांचे प्रतिध्वनी प्रत्यक्ष नमुन्यांशी ताडून पाहिले आहेत.

याचा वादाशी संबंध काय?

वाळूचा साठा म्हणजे क्षेत्रफळ, थराची जाडी आणि घनता यांचा गुणाकार. जाडीचा अंदाज १० टक्क्यांनी चुकला, तर साठ्याचा आकडाही तेवढाच चुकतो. नमुने किती आणि कुठून घेतले, हे त्यामुळेच महत्त्वाचं ठरतं.

शिवाय आवाज फार तर वाळू किती हे सांगेल. ती उपसल्यावर उठणाऱ्या गाळाने माशांचं काय होईल, याचं उत्तर त्या प्रतिध्वनीत नाही. त्यासाठी वेगळा अभ्यास लागतो, आणि मच्छीमारांचा प्रश्न नेमका तोच आहे.