लातूर ते इस्तंबूल, व्हाया परळी

मंडळी, लातूरहून रेल्वेनं थेट युरोपच्या दारात, इस्तंबूलला जायचं ठरवलं तर? मी नकाशा पुढं घेऊन प्लॅनिंगच करून टाकलं.

नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस धरायची. दोन हजारांवर किलोमीटर, अमृतसर. वाटेत लंगर मिळतो, जेवणाची चिंता नाही. पुढं अटारी, लाहोर, क्वेट्टा आणि इराणमधलं जाहेदान. इथपर्यंत रूळ आपल्यासारखेच, १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज. जाहेदानला गाडी बदलायची, कारण पुढचा गेज १४३५ मिलिमीटर. २००९ मध्ये केरमान-जाहेदान मार्ग झाला आणि रुळांची साखळी जुळली. मग तेहरान, तुर्कस्तानात व्हान सरोवर बोटीनं ओलांडायचं, पलीकडं पुन्हा रूळ.

म्हणजे रूळ आहेत, अडलंय ते सीमेवर. १९७६ ला सुरू झालेली समझौता एक्स्प्रेस ऑगस्ट २०१९ पासून बंद आहे. तो दोन देशांचा मामला, तिथं आपलं काही चालत नाही. मान्य.

पण पहिला टप्पा बघा राव! लातूर ते नांदेड. इथं ना सीमा, ना व्हिसा. लातूरची नॅरोगेज गेली, नांदेडची मीटरगेज गेली, दोन्हीकडं ब्रॉडगेज आली. तरी मधे थेट रूळ नाहीत. सडकेनं दीडशे किलोमीटरच्या आतलं अंतर, रेल्वेनं मात्र लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा दोनशेवर किलोमीटरचा वळसा. अहमदपूर, लोहा तर नकाशात कोरडेच.

"एसटी आहे, ट्रॅव्हल्स आहेत की," असं कुणी म्हणेल. लातूरला शिकायला येणाऱ्या लोहा-कंधारच्या पोरांच्या आईबापांना तिकिटाचा हिशेब विचारा. आणि रेल्वेची किंमत लातूरकरांना कुणी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी आलं ते रेल्वेनंच. तो मार्ग आधीच ब्रॉडगेज झाला होता, म्हणून आलं.

रेल्वे डब्यांचा कारखाना लातूरला, पंजाब गाठणारी गाडी नांदेडला, आणि दोघांना जोडणारा सरळ मार्गच नाही. लोहा-अहमदपूर मार्गाची मागणी जुनी आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून ती एकत्र मांडावी. सर्वेक्षणाच्या बातम्या पुरे झाल्या. पैसे किती मंजूर आणि काम कधी सुरू, एवढंच सांगा.

इस्तंबूलचं नंतर बघू. आधी नांदेडला तर सरळ जाऊ द्या.