दोर ज्याचा, भरपाई त्याची
सदर : खाडीकाठ

धक्क्याला बांधलेली होडी रात्रीत सुटते, शेजारच्या होडीवर आदळते, तिची फळी फुटते. सकाळी सुटलेल्या होडीचा मालक म्हणतो, ‘मी काय मुद्दाम सोडली? पाणीच तसं आलं.’ फुटलेल्या होडीचा मालक गप्प बसतो, कारण पाण्याशी कोण भांडणार? माझं मत विचाराल तर अशा वेळी आधी दोर बघावा. तो ज्याचा, फळीचा खर्च त्याचा.

‘पाणी अचानक आलं’ हे सावित्रीच्या काठावर तरी कुणी सांगू नये. महाबळेश्वरला पाऊस कोसळला की ते पाणी पोलादपूरवरून महाडात उतरणार, गांधारी आणि काळ नदी त्यात भर घालणार, आणि त्याच वेळी बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढत असेल तर पाण्याला जायला वाट उरणार नाही, हे इथल्या पोराटोरांनाही कळतं. दैवी आपत्तीचा बचाव कायद्यात आहे, पण ज्याची चाहूल आधी लागायला हवी होती अशा गोष्टीला तो लागू पडत नाही. जुलै २०२१ ची गोष्ट वेगळी. तेव्हा महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि अख्खं महाड बुडालं. माळ्यावर जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाला होडीचा दोर विचारणं अन्यायाचं होईल. पण दरवर्षीच्या आषाढातल्या पाण्याला २०२१ चा पूर म्हणून खपवता येणार नाही.

इंग्लंडमध्ये १८९२ साली ‘मर्चंट प्रिन्स’ जहाजाचा खटला गाजला. मर्सी नदीत वाऱ्याच्या जोरात ते नांगरलेल्या जहाजावर आदळलं. सुकाणूची साखळी अडकली, आमचा इलाज नव्हता, असं मालकांचं म्हणणं. कोर्टाने विचारलं, नवी साखळी ताणते हे तुम्हाला माहीत नव्हतं का? इलाज नव्हता हे आदळणाऱ्यानेच सिद्ध करायचं, असं ठरलं. अमेरिकेतला निकाल मला याहून मोलाचा वाटतो. नोव्हेंबर १९०५ मध्ये सुपीरियर सरोवराकाठी डुलुथला ‘रेनॉल्ड्स’ हे जहाज माल उतरवून झाल्यावर वादळात सापडलं. खलाशांनी ते धक्क्यालाच बांधून ठेवलं, दोर झिजला की नवा लावला. जहाज वाचलं, धक्का मात्र आपटून आपटून मोडला. १९१० मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, खलाशी शहाणपणाने वागले, त्यांचा दोष नाही. तरी स्वतःचं जहाज दुसऱ्याच्या धक्क्याच्या जिवावर वाचवलंत, तेव्हा पाचशे डॉलर भरा. दोष नसतानाही भरपाई द्यावी लागते, ही गोष्ट आपल्याकडे अजून कुणाच्या गळी उतरत नाही.

आता दोराकडे या. ओहोटीला आखूड बांधलेला दोर भरतीला ताठ होतो आणि धक्क्याच्या काँक्रीटच्या कडेवर घासत राहतो. एकेक पीळ सुटत जातो, वरून नीट दिसणारा दोर खालून अर्धा झालेला असतो. दोराला जुन्या पाइपचा तुकडा घातला, कडेला टायर बांधले, तर हे टळतं. जागा अपुरी असली की होडीला होडी बांधतात. मग बाहेरच्या होडीचा सगळा भार आतल्या होडीच्या दोरावर येतो आणि तो तुटला की बोल आतल्याला लागतो. हे मला पटत नाही. बाहेरच्याने धक्क्यापर्यंत स्वतःचा दोर न्यायलाच हवा. नेला नसेल तर नुकसानीचा मोठा वाटा त्याचा. समुद्रावरच्या टकरीत ज्याची चूक जितकी तितका त्याचा वाटा, हे तत्त्व १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यातही होतं.

आणि खुंटाच उपटून आला तर? मग होडीवाल्याला धरू नका. खुंटा ही धक्का सांभाळणाऱ्याची जबाबदारी. आणि असा धक्का किती मोलाचा असतो, ते महाडजवळच्या दासगाव बंदरावरून कळतं. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने तिथे उतरून पायी महाडला आले. ज्या काळी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना खुलं नव्हतं, त्या काळी हे बंदर त्यांच्या कामी आलं. सार्वजनिक धक्क्याचं मोल एवढं मोठं आहे. तो ज्यांच्या ताब्यात असतो, मग ते मेरीटाइम बोर्ड असो की ग्रामपंचायत, त्यांनी गंजलेल्या खुंट्याचा हिशेब द्यायला हवा. २०१६ च्या कायद्याने सावित्रीची खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ८९ झाली. नकाशावर क्रमांक आला, तसे धक्क्यावर मजबूत खुंटेही यायला हवेत.

२०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात यंत्रावर चालणाऱ्या नौकांना विम्याची सक्ती आहे. वल्ह्याच्या होडीला तसा आधार नाही, आणि फुटते बहुधा तीच. म्हणून भरपाई ठरवताना नुसती फळी मोजून चालणार नाही. होडी काठावर उलटी पडलेली असते तेवढे दिवस जाळं पाण्यात पडत नाही. ती बुडालेली मजुरीही धरायला हवी. ज्याच्या होडीने धक्का दिला त्याने पाणी उतरायच्या आत शेजाऱ्याचं दार वाजवावं. दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर पुढची कित्येक वर्षं दोघांचे दोर एका खुंट्याला लागत नाहीत.

मासेमारीबंदी १ जूनला लागते आणि यंत्राच्या बोटी किनाऱ्याला येतात. त्याच्या आधी मे महिन्यात प्रत्येक धक्क्यावर मालकांनी एकत्र बसावं, कोण कुठे बांधणार, बाहेरच्याचा दोर कुठे जाणार हे लिहून काढावं आणि खुंटे हलवून बघावेत. हलणारा खुंटा दिसला तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी आणि पोच जपून ठेवावी.