डुकराचे काळीज कुठे असते?

लालबाग-परळच्या चाळींतून गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला डुकरांनी एका रात्रीत लोळवलेला भाताचा कुणगा काही नवा नाही. त्याच सुमारास दादर-गिरगावातला प्राणिप्रेमी वाचक ‘मारता कशाला?’ असे विचारत असतो. हा वाद जुना आहे. जून 2016 मध्ये चंद्रपुरात 53 रानडुकरे मारली गेल्यावरून केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी त्या वेळचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यावर जाहीर टीका केली, तर जावडेकरांनी शेतीच्या नुकसानीकडे आणि राज्यांच्या मागणीकडे बोट दाखवले. मारावे की मारू नये, यावर दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. मारायचेच ठरले तर कसे, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. कायदाही तो विचारत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 11 उभ्या पिकाला धोका असेल तर रानडुक्कर मारण्याची लेखी परवानगी देऊ देते. ज्याच्या हाती बंदूक द्यायची, त्याला त्या जनावराचे शरीर ठाऊक आहे का, हे तपासण्याची सोय त्यात नाही. माझ्या मते ही त्रुटी किरकोळ नाही.

बाजूने पाहिले तर रानडुकराचा सगळा भार वरच्या अंगाला दिसतो: खांद्यावरचा उंचवटा आणि त्यावर ताठ उभी राहणारी राठ केसांची आयाळ. नवख्याची नजर तिथेच जाते आणि नेम अंगाच्या मधोमध धरला जातो. हृदय मात्र छातीत अगदी खाली, पुढच्या पायांच्या मध्ये, कोपराच्या आसपास असते. फुप्फुसे त्याच्या वर आणि थोडी मागे. हरणाच्या मानाने हे सगळे पुढे आणि खाली सरकलेले आहे. खांद्यापाशी पाठीचा कणासुद्धा बाहेरून दिसणाऱ्या रेषेच्या बराच खालून जातो. म्हणून वर लागलेली गोळी केस आणि मांस फाडून निघून जाते. जनावर हादऱ्याने कोसळते आणि क्षणात उठून पळते. मागे लागली तर आतडी फुटतात, आणि तसे डुक्कर करवंदीच्या जाळीत तासन्‌तास तडफडत राहते. पूर्ण वाढलेल्या नराच्या खांद्यावर तर कातडीखाली चिवट, जाड थर असतो. आपसांतल्या झुंजीत प्रतिस्पर्ध्याच्या सुळ्यांपासून तो बचाव करतो आणि हलक्या छऱ्यांनाही दाद देत नाही. चरबीने जखमेचे तोंड बुजते, रक्त फारसे बाहेर पडत नाही आणि माग हरवतो. डोक्यात मारावे म्हटले तर मेंदू लहान, आणि त्याच्यापुढे हाडातल्या पोकळ्यांची भिंत. दुसऱ्या दिवशी गवत कापायला त्या जाळीकडे जाणाऱ्या बाईची गाठ या जखमी जनावराशी पडते. नेम चुकण्याची किंमत एकट्या डुकराला मोजावी लागत नाही.

आता हत्यार पाहा. 1959 च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक गृहीत धरली आहे; ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. म्हणजे अंधारात, हलत्या, जाड कातडीच्या जनावरावर, झटपट दुसरा बार काढता न येणारे हत्यार. 2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी प्रशिक्षण आणले, पण ते बंदुकीच्या सुरक्षित हाताळणीचे. समोरच्या जिवाबद्दल त्यात काही नाही. कत्तलखान्यात बोकड कापण्यापूर्वी पशुवैद्याने तो तपासावा, एका जनावरासमोर दुसरे कापू नये, इतका बारीक विचार आपले नियम करतात. शेताच्या बांधावर तो विचार अचानक संपतो. नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकाऱ्याला दर वर्षी 100 मीटरवरून पाच गोळ्या 30 सेंटीमीटरच्या वर्तुळात मारून दाखवाव्या लागतात. जमले नाही तर त्या वर्षी शिकार नाही. जर्मनीत तर प्राण्यांच्या जीवशास्त्राचाही पेपर द्यावा लागतो.

आपल्याकडेही असे शिक्षण आणि परीक्षा हवी म्हटले, तर मारणेच क्रूर असताना ते नीट शिकवायचे कशाला, असा आक्षेप येईल. कुंपण, नुकसानभरपाई, राखण हे उपाय आधी व्हावेत, यात दुमत नाही. पण परवानगी कायद्यात आहे आणि दिली जाते, तोवर तडफड कमी करण्याचे बंधन नाकारणे म्हणजे स्वतःचे हात स्वच्छ ठेवून जनावराला वाऱ्यावर सोडणे. दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो अधिक वजनदार आहे: रात्रभर मचाणावर जागणाऱ्याने परीक्षाही द्यायची का? त्याने देऊ नये. गोळी झाडण्याचे काम तालुक्यातल्या मोजक्या प्रशिक्षित नेमबाजांच्या यादीवर सोपवावे, खर्च सरकारने उचलावा. शिकवायला माणसे शोधत फिरण्याचीही गरज नाही. 1886 पासून चालत आलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय परळमध्येच आहे, आणि निसर्गअभ्यासकांच्या उत्साहातून 1883 मध्ये उभी राहून पुढे संवर्धनाकडे वळलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी फोर्टात. मारलेल्या प्रत्येक डुकराची तपासणी व्हावी, गोळी कुठे लागली आणि जनावर किती दूर जाऊन पडले याची नोंद व्हावी, आणि वारंवार चुकणाऱ्याचे नाव यादीतून जावे.

अशा ज्ञानाने चोरट्या शिकारीला बळ मिळेल, हा तिसरा आक्षेप मला फारसा पटत नाही. चोरटा शिकारी नेमावर विसंबतच नाही. तो तारेची फासकी लावतो, गावठी बॉम्ब पेरतो, विदर्भात कुंपणात वीज सोडतो. डुकरासाठी लावलेल्या फासकीत कोकणात बिबटे अडकतात आणि विजेच्या तारेला चिकटून वाघ मरतात. कायदेशीर मार्ग ढिसाळ आणि बेभरवशाचा राहिला, तर पीक गमावलेला माणूस याच तारांकडे वळतो.