अहवाल खोटा, भुर्दंड सभासदाला!

गेल्या महिन्यात वसमत तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी आमच्याकडे आले. पिशवीत एका पतसंस्थेची ठेवपावती, शेअर्सचा दाखला आणि वार्षिक अहवाल. अहवालावर ठळक अक्षरांत छापलेले - 'लेखापरीक्षण वर्ग अ'. त्या एका 'अ'वर विश्वास ठेवून गुरुजींनी निवृत्तीचा पैसा तिथे ठेवला. आज संस्थेला कुलूप आहे. गुरुजी म्हणाले, "वकीलसाहेब, खोटे त्यांनी छापले, मग शिक्षा आम्हाला का?"

हाच प्रश्न २००९ साली सत्यम कॉम्प्युटरच्या भागधारकांपुढे होता. ७ जानेवारीला रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची शिल्लक अस्तित्वातच नाही. एका दिवसात शेअर पार कोसळला. अमेरिकेच्या बाजारात ज्यांनी सत्यममध्ये पैसा घातला होता, त्यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात सामूहिक दावा लावला. २०११ मध्ये कंपनीने साडेबारा कोटी डॉलर आणि लेखापरीक्षकांनी सुमारे अडीच कोटी डॉलर मोजून तडजोड केली. आणि भारतातला भागधारक? त्याच्या संघटनेने राष्ट्रीय ग्राहक आयोगाचे, मग सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. हाती काही लागले नाही. कंपनी एक, खोटे एक, पण एकाला भरपाई आणि दुसऱ्याला वाटाण्याच्या अक्षता! असला दुजाभाव आमच्या लोकांना नवा नाही म्हणा.

या नामुष्कीनंतर कंपनी कायदा, २०१३ मध्ये कलम २४५ आले. ते जून २०१६ पासून लागू झाले आणि किती भागधारक लागतील हे २०१९ च्या नियमांनी ठरवले : १०० किंवा एकूण सभासदांच्या ५ टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. दिशाभूल करणाऱ्या विधानाबद्दल संचालकांकडून, लेखापरीक्षकांकडूनही नुकसानभरपाई मागता येते. न्यायाधिकरणाने मंजुरी दिली तर खर्च गुंतवणूकदार संरक्षण निधीतून मिळू शकतो. कलम चांगलेच आहे. पण एकमेकांचे तोंड न पाहिलेले शंभर लोक गोळा कोण करणार? आणि हिंगोलीच्या माणसाने मुंबईच्या खंडपीठापुढे किती तारखा कराव्यात?

त्याहून मोठी मेख पुढे आहे. बँकांना हे कलम लागू नाही आणि सहकारी संस्था तर कंपनीच नव्हे. आमच्या जिल्ह्यातील कष्टकऱ्याचा शेअर असतो कुठे? साखर कारखान्यात, नाहीतर पतसंस्थेत. तिथे १९६० चा सहकार कायदा. कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ ची जबाबदारी निश्चिती, आणि त्यात वर्षे जातात. १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, पण तो ठेवीपुरता. शेअर बुडाला तर बुडाला. वार्षिक सभेत मंडपाच्या पुढच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' ओरडणारे वेगळे, आणि बुडणारे वेगळे.

शेअर हा आपला विषय नव्हे, असे काही कार्यकर्ते म्हणतात. अमेरिकेतून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले, हे त्यांनी आठवावे.

आमची मागणी सरळ आहे. शंभर सभासदांना संचालक व लेखापरीक्षकांवर एकत्र दावा करता येईल, असे कलम विधिमंडळाने सहकार कायद्यात घालावे. तोवर गुरुजी चौकशीच्या अर्जासाठी गावोगाव सह्या गोळा करीत आहेत. बुडीत संस्थेचा जुना अहवाल कुणाच्या घरी असेल तर तो रद्दीत घालू नये. झेरॉक्स काढून हिंगोली न्यायालयाच्या आवारात आम्हाला आणून द्यावा.