पाला राहू द्या

डिसेंबरची सुट्टी लागली की आमच्या राजेंद्र नगरातली बरीच मराठी घरं कोकण गाठतात. गुहागर, काशीद, दिवेआगर. परत आल्यावर समुद्राइतकंच कौतुक असतं ते काठच्या सुरूच्या बनाचं. काय ती सावली, पायाखाली कसं मऊ मऊ, ना झुडूप ना काटा! आणि त्यापुढचं वाक्य ठरलेलं: इंदूरला असं काही नाही.

आहे की. धार रोडला सिरपूर तलाव आहे. पाळीवरून चालत गेलं की एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला बाभळी, करंज, बोरी. हे एका शेजारच्या वहिनींना सांगितलं, तर अस्सल इंदुरी मराठीत उत्तर आलं, "तिथे काय ठेवलंय हो भाऊ? नुसता पाला!"

आज त्या पाल्याचीच बाजू मांडायची आहे.

सुरू मूळचा कोकणातला नव्हे. वाळू धरून ठेवायला आणि वारा अडवायला तो किनाऱ्यावर लावला गेला. त्याच्या गळलेल्या काड्यांच्या दाट थराखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, म्हणून ते बन नीटनेटकं दिसतं. गंमत अशी की वहिनींना आवडलेला तो मऊपणा म्हणजे सुरूचा पालाच. तो कुणी झाडत नाही, म्हणून टिकलाय.

सिरपूर हा होळकर संस्थानाच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला तलाव. पुढे नर्मदेचं पाणी इंदूरच्या नळाला आलं आणि शहर आपल्या तलावांना विसरलं. सांडपाणी, अतिक्रमण, शिकार असं सगळं झालं. भालू मोंढे आणि त्यांच्या नेचर व्हॉलंटियर्सनी वर्षानुवर्षं या तलावाचा प्रश्न लावून धरला नसता, तर आज तिथे कॉलनीच असती असं माझं स्पष्ट मत आहे. मोंढ्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. 2022 मध्ये सिरपूर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला आणि 2025 च्या सुरुवातीला इंदूर आणि उदयपूर ही देशातली पहिली दोन रामसर पाणथळ शहरं ठरली. हारतुरे झाले, फलक लागले.

आता पाल्याकडे येऊ. थंडीतल्या सकाळी करंजाखाली पाच मिनिटं गुपचूप उभे राहा. सातभाईंचा थवा कलकलाट करत उतरतो. एकेक जण चोचीने पान उचलतो, बाजूला भिरकावतो, खालचा किडा टिपतो की लगेच पुढच्या पानाकडे. एखादा मागे झाडावर बसून पहारा देतो. थोड्या अंतरावर भारद्वाज असतो, तोही त्याच पाल्यात पाय बुडवून चालतो. पाण्यावर हळदीकुंकू बदकं आणि लालसऱ्या दिसतात, त्यांचे फोटो सगळेच काढतात. सातभाईंचा कोणी काढत नाही. रामसरच्या नोंदीत इथले पक्षी 130 जातींचे आहेत आणि त्यांतले सगळेच काही पाण्यावर पोट भरत नाहीत.

दुसरं कारण मातीचं. माळव्याची काळी माती उघडी पडली आणि वर जुलैचा पाऊस कोसळला, की ती विरघळून उताराने सुटते. पाला असला तर थेंबाचा मार तो सोसतो आणि पाणी सावकाश जिरतं. सिरपूर भर पावसाळ्यात भरला तरी खोली फार तर दोन मीटर. एवढ्या उथळ तलावात काठची माती दरवर्षी उतरू लागली, तर काय होईल हे सांगायला इंजिनिअर नको. पुढे गाळ काढायचं टेंडर निघेल, ते वेगळंच.

पण आम्ही पडलो इंदूरकर. 2017 ते 2023 अशी सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिले. ते श्रेय खरं आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. आपला झाडू मात्र आता कुठे थांबायचं ते विसरलाय. मागच्या महिन्यात एका तलावाच्या काठी (कुठला ते सांगत नाही) झाडांखालची जमीन अंगणासारखी लख्ख झाडलेली पाहिली. पाल्याचे ढीग पोत्यांत भरून ठेवलेले होते. आणि शेवाळात अडकलेल्या नमकीनच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं तिथेच तरंगत होती. म्हणजे कचरा ठेवला आणि जंगल उचललं.

सापाची भीती घालणारे भेटतातच. मान्य. चालायची वाट झाडा, रुंद ठेवा, वाटेवरचा पाला बाजूच्या झाडांखालीच लोटा; तलावात नको आणि पोत्यातही नको. वाटेच्या पलीकडे मात्र झाडू, पेव्हर ब्लॉक आणि रंगीत दिवे, यांतलं काहीही जाऊ नये. प्लास्टिक हाताने वेचावं लागेल. ते काम किचकट आहे, पण सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाने एक पिशवी खिशात ठेवली तर निम्मं तिथेच उरकेल.

राजेंद्र नगरच्या मंडळींना एवढंच सांगणं: या रविवारी पोहे-जिलबी आटोपली की सिरपूरला जा. झाडांखाली कुणी पाला भरताना दिसलं, तर त्या कामगारावर ओरडू नका, त्याला तसा हुकूम असतो. त्याच्या वरिष्ठांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.