सनदेची जबाबदारी

वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. दिल्लीतल्या एका पक्षकाराच्या तक्रारीतून निघालेल्या या निकालाने वकिलांची जबाबदारी वाढली आहे. फसवल्या गेलेल्या पक्षकाराला आता दिवाणी वा फौजदारी कारवाईखेरीज आधार उरतो तो बार कौन्सिलचाच.

वकिलाची घसरण कुठवर जाते, हे दिल्लीने पाहिले आहे. १९९९ च्या बीएमडब्ल्यू अपघात खटल्यातील साक्षीदाराशी संधान बांधल्याच्या प्रकरणात ज्येष्ठ वकील आर. के. आनंद फौजदारी अवमानाचे दोषी ठरले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केले.

तीस हजारीपासून साकेतपर्यंतच्या न्यायालयांत रोजचे मोह मात्र लहान असतात. पक्षकाराच्या पैशाचा वेगळा हिशेब, फीची पावती, तारखांची चोख नोंद, लेखी सूचना आणि विरुद्ध पक्षाशी संबंध असल्यास आधीच स्पष्ट कल्पना, एवढे पाळले तरी बरीच संकटे टळतात. फी थकली म्हणून फाइल अडवता येत नाही, की निकालावर फी ठरवता येत नाही.

शिस्तभंगाची तक्रार वर्षभरात निकाली काढावी, असे अधिवक्ता अधिनियम सांगतो. दिल्ली बार कौन्सिलने ही मुदत कसोशीने पाळावी. प्रामाणिक वकिलांचे हितही त्यातच आहे.